काकूंचा मुका माज

पंचांच्या कामाला चारचौघांत सांगता येईल असं नाव नव्हतं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना आला, तेव्हा त्यांनी पेन तीनदा टेकवलं, तीनदा उचललं आणि शेवटी 'निरीक्षक' असं लिहून मोकळे झाले. ते काही खोटं नव्हतं. घोड्यांची पैदास करणाऱ्या एका स्टड फार्मवर रोज सकाळी साडेसहाला पंच एकेका घोडीचं निरीक्षण करत आणि ती आज माजावर आहे की नाही, म्हणजे नराला राजी आहे की नाही, हे वहीत लिहीत. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही आणि बावीस वर्षांत एकही सकाळ चुकवली नाही. ताप आला तर तापात गेले. सासरे वारले तेव्हासुद्धा आधी वही भरली आणि मग निघाले. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. त्यांच्या बायकोला नव्हता.

काम दिसायला सोपं होतं. एका लांबलचक लाकडी फळीला दोन्ही अंगांनी जाड गाद्या ठोकलेल्या होत्या. फळीच्या एका बाजूला घोडी उभी करायची, दुसऱ्या बाजूनं घोडा आणायचा. घोडा मान लांब करून गोड गोड खिंकाळतो. घोडी राजी असेल तर शेपूट बाजूला करते, फळीला रेलते, मागचे पाय जरा फाकवून उभी राहते. नसेल तर कान मागे पाडून लाथ घालते, आणि ती लाथ गादीवर बसते. आता एवढ्यासाठी पैदाशीचा खानदानी घोडा कोण लाथेच्या तोंडी देणार? म्हणून चाचणीसाठी वेगळा, साधासुधा, जाड कातडीचा एक घोडा ठेवलेला होता. त्याला सगळे नवरदेव म्हणत. रोज चाळीस घोड्यांची मनधरणी करायची, आणि एखादी पाघळली रे पाघळली की याला बाजूला घेऊन खऱ्या घोड्याला बोलावणं जायचं. नऊ वर्षं रोज वरात निघत होती, लग्न एकदाही लागलं नव्हतं. तरी गडी रोज सकाळी त्याच हौसेनं निघायचा. मला विचाराल तर फार्मवर खरा सत्पुरुष तो एकच होता.

नवरदेवाचा दोर पंचांच्या हातात. पण खरी करामत पंचांच्या डोळ्यांत होती. काही घोड्या ओरडून सांगतात, काही कुजबुजतात. ओठाची नुसती कड हलली, शेपटीचं मूळ बोटभर सैल पडलं, तरी पंचांना कळायचं. ते काही न बोलता उजव्या हाताचं बोट वर करायचे, क्रिकेटचा पंच बाद देतो तसं. त्यावरूनच हे नाव पडलं. नंतर डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं मशीन घेऊन यायच्या, आतलं चित्र बघायच्या आणि दरवेळी पंचांचं बोट बरोबर निघायचं.

नाही म्हणायला एक घोडी तेवढी त्यांच्या बोटाला दाद देत नव्हती. ती म्हणजे काकू.

काकू तांबूस रंगाच्या, कपाळावर पांढरा पट्टा, वय चौदा. चालणं असं की शाळेची मुख्याध्यापिका वर्गांवरून फेरी मारतेय. त्यांना एकेरी हाक मारायची कुणाची छाती नव्हती. "काकूंना चंदी दिली का?" "काकू आज पाणी कमी प्यायल्या," असंच सगळे बोलायचे. काकूंच्या तीन शिंगरांनी शर्यती मारल्या होत्या. पण गेले दोन हंगाम त्या रिकाम्या गेल्या होत्या आणि हा तिसरा चालला होता. फार्मचा नियम सरळ होता. तीन हंगाम रिकामी गेलेली घोडी हंगामाच्या शेवटी व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढायची. ट्रक पुढे कुठे जातो हे कुणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

पंचांचा जीव काकूंवर होता. काकू जन्मल्या तेव्हा त्यांना गोणपाटानं पुसून कोरडं करणारे पंचच. त्यामुळे हंगाम जसजसा सरत गेला तसतसं पंचांना अन्न गोड लागेना.

घोडी गाभण का राहत नाही, याची कारणं शोधायला घेतली की निम्मं जग वैद्य होतं. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयातला स्राव तपासायला पाठवला, तो स्वच्छ आला. तरी खबरदारी म्हणून गर्भाशय धुऊन काढलं. मग म्हणाल्या, घोडी जाड आहे, खुराक कमी करा. कमी केला तर महिन्याभरानं म्हणाल्या, आता फारच वाळली, वाढवा. आत हवा शिरत असेल म्हणून दोन टाके घातले. इंजेक्शनं झाली. घोडीला दिवस मोठा वाटला तर ती लवकर माजावर येते, म्हणून तबेल्यातल्या काकूंच्या खणात सोळा सोळा तास दिवे लावले. त्या उजेडात काकू आल्यागेल्याकडे तुच्छतेनं बघत उभ्या राहायच्या. नालबंदाचं मत पडलं की सगळा दोष मागच्या नालांचा आहे; त्यानं नाल बदलले. व्यवस्थापकांना वाटलं की काकूंना कंटाळा आला असेल, म्हणून त्यांनी खणात रेडिओ टांगला. काकूंनी तो दुसऱ्या दिवशी खाली पाडला आणि त्यावर लीद टाकली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी हात टेकले.

"आतलं सगळं घड्याळासारखं चाललंय," त्या म्हणाल्या. "दर एकविसाव्या दिवशी बीज तयार होतंय, वेळेवर सुटतंय. पण घोडी बाहेर पत्ता लागू देत नाही. शेपूट नाही, काही नाही. याला मुका माज म्हणतात."

"मग बाहेरून रेतन करा की," नालबंद म्हणाला.

"या जातीच्या नोंदणीला ते चालत नाही. घोडाघोडीची प्रत्यक्ष भेट झाली पाहिजे. आणि भेट व्हायची तर घोडीनं उभं राहायला पाहिजे."

उभं राहण्याचा प्रयोग गेल्या वर्षी जबरदस्तीनं करून झाला होता. काकूंच्या डोक्याशी दोर धरून खुद्द पंच उभे होते, कारण त्यांच्याइतका विश्वासाचा माणूस दुसरा कोण? काकूंनी त्या खानदानी घोड्याच्या बरगडीत अशी लाथ घातली की तो बारा दिवस नीट जेवला नाही. मालकांचा फोन आला: यापुढे पंचांचं बोट वर गेल्याशिवाय माझा घोडा त्या बाईच्या जवळपास न्यायचा नाही. म्हणजे सगळं येऊन थांबलं पंचांच्या बोटापाशी, आणि बोट काही वर जाईना.

अशात पंचांची दाढ दुखायला लागली. आठवडाभर त्यांनी लवंगेवर भागवलं. मग एका सकाळी गाल असा सुजला की नवरदेवही दचकून मागे सरला. व्यवस्थापकांनी त्यांना बळंच दंतवैद्याकडे धाडलं. बावीस वर्षांतली ही पहिली गैरहजेरी. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून नवरदेवाला फिरवायचं काम आलं वहिनींकडे.

वहिनी म्हणजे पंचांच्या पत्नी. फार्मवरच्या कामगारांची खाणावळ त्या चालवायच्या, आणि सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. भाजी शिजत टाकून, हात पदराला पुसून त्या गेल्या, चाळीस घोड्यांवरून नवरदेवाला फिरवून आणलं, वही भरली आणि भाजी करपायच्या आत परत आल्या.

दुपारी पंच बधिर तोंडानं परतले आणि आधी वही उघडली. काकूंच्या नावापुढे वहिनींच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: 'एकदम राजी. फळीला रेलून उभ्या राहिल्या. शेपूट बाजूला. हलायला तयार नव्हत्या. नवरदेवच लाजला.'

पंचांना हसू आलं, पण तोंड अर्धंच हललं. ते वही घेऊन खाणावळीत गेले.

"अगं, हे काय लिहिलंयस?"

"जे बघितलं ते."

"घोडी कंटाळली की रेलते. त्याला राजी म्हणत नाहीत. इथं बावीस वर्षं गेली माझी."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि कांदा चिरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांनी मुद्दाम सगळ्यात आधी नवरदेवाला काकूंपुढे नेलं. काकूंनी कान मागे पाडले, डोळे बारीक केले आणि गादीवर अशी लाथ हाणली की धूळ उडाली. पंचांनी वहिनींच्या ओळीवर काट मारली, शेजारी 'नाराज' लिहिलं आणि समाधानानं वही मिटली.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या. मशीनकडे बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "परवाच बीज सुटलंय. चारपाच दिवसांमागे घोडी ऐन भरात असणार. कुणाला काहीच दिसलं नाही?"

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. "मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "लिहिलंही होतं."

डॉक्टरीणबाईंनी वहीची पानं मागे उलटली. काट मारलेली ओळ वाचली. मग त्यांनी पंचांकडे बघितलं, व्यवस्थापकांनी पंचांकडे बघितलं, आणि काकू तेवढ्या दुसरीकडे बघत राहिल्या. पंचांनी दाढेवर हात ठेवला. दाढ तिथं नव्हतीच.

हंगाम संपायला आता चोवीस दिवस उरले होते. म्हणजे काकूंचा एकच फेरा.

त्या संध्याकाळी जेवताना पंच बराच वेळ नुसतं ताट चिवडत बसले. मग म्हणाले, "तुला दिसलं आणि मला दिसत नाही, असं कसं होईल?"

"तुम्हाला बघून ती गप्प होते."

"काहीतरीच. काकूंचा जीव आहे माझ्यावर."

"होता," वहिनी म्हणाल्या. काकूंना एकेरीत बोलणाऱ्या फार्मवर त्या एकट्याच. "तिचं शेवटचं शिंगरू तोडलंत तो दिवस आठवतोय?"

पंचांना आठवत होता. शिंगरू सहा महिन्यांचं झालं की आईपासून वेगळं करतात. घोडी आकांत करते, म्हणून पंचांनी स्वतःची एक युक्ती बसवली होती. ते गाजर घेऊन घोडीच्या तोंडापुढे उभे राहायचे, कानामागे खाजवायचे, "काही नाही, काही नाही" म्हणायचे. घोडी गाजर चावत असताना मागच्या दारानं दुसरा माणूस शिंगरू घेऊन जायचा. घोडी मान वळवेपर्यंत खण रिकामा. इतर घोड्या पंचांना ओळखीचा माणूस समजायच्या, तेवढंच. काकू त्यांना आपला माणूस समजायच्या.

"तीन दिवस ओरडत होती," वहिनी म्हणाल्या. "मी खाणावळीतून ऐकत होते. तुम्ही वहीत काय लिहिलंत?"

"शिंगराचं दूध तोडलं. विशेष त्रास नाही," पंच हळूच म्हणाले.

"नाहीच झाला. तुम्हाला."

वहिनी उठल्या, भांडी गोळा केली आणि पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "मलाही मंगळवारी बाजारात पाठवलंत."

"कोणत्या मंगळवारी?"

"मुलीला वसतिगृहात सोडायला आपण बुधवारी निघणार होतो. दोघं. तुम्ही मंगळवारी मला बाजारात पाठवलंत, आणि पिशवी भरून मी येते तर घर रिकामं. ती गेलेली, तिची पेटी गेलेली."

"अगं, तू रडली असतीस. ती बारा वर्षांची पोर, तीही रडली असती. म्हणून मी..."

"म्हणून गाजर," वहिनी म्हणाल्या आणि नळ सोडला.

या गोष्टीला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत वहिनींनी एकदाही तो विषय काढला नव्हता, आणि त्यांना काही वाटलं नाही असं समजून पंच निवांत होते. घोडीच्या ओठाची कड वाचणारा माणूस. असो.

चूक मान्य करण्यापेक्षा मिशी काढणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी पंचांनी तीस वर्षांची मिशी उतरवली. विचार असा, की काकूंचा राग ज्या माणसावर आहे तो माणूसच त्यांना दिसला नाही म्हणजे झालं. फाटकावर व्यवस्थापकांनी त्यांना अडवून 'कोणाला भेटायचंय?' असं विचारलं. काकूंनी काही विचारलं नाही. वीस पावलांवरून कान मागे पाडले.

मग पंचांनी साबण बदलला. कान मागे. डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट आणि रबरी बूट घातले, अंगाला जंतुनाशक चोळलं. कान मागे. चौथ्या दिवशी त्यांनी वहिनींचा फुलाफुलांचा गाऊन चढवला, डोक्याला ओढणी गुंडाळली, वहिनींचं केसांचं तेल मानेपर्यंत चोपडलं आणि बायकी पावलं टाकत नवरदेवाचा दोर धरला. नवरदेवानं आधी गाऊन हुंगला. मग मान उंच करून वरचा ओठ उलटा केला, सगळे दात दाखवले आणि नऊ वर्षांत प्रथमच घोड्यांचा नाद सोडून पंचांची मनधरणी सुरू केली. नालबंद इतका हसला की हातोडी सुटून त्याच्याच पायावर पडली आणि तो दोन दिवस लंगडत होता. काकूंनी हा सगळा तमाशा शांतपणे पाहून घेतला, पाठ फिरवली आणि गादीवर लाथ घातली.

"गाऊन धुऊन द्या," वहिनी एवढंच म्हणाल्या.

मग ठरलं की दोर वहिनींनी धरायचा आणि पंचांनी लांबून बघायचं. पंच गवताच्या गंजीत गळ्यापर्यंत रुतून बसले. काकू खणातून बाहेर आल्या, नवरदेवाकडे बऱ्या नजरेनं बघायला लागल्या, शेपूट जरा हललीही. आणि वारा फिरला. काकूंनी नाकपुड्या फुगवल्या, गंजीकडे रोखून बघितलं आणि संपलं सगळं.

व्यवस्थापक कागदावर नियम केल्याशिवाय शांत न होणारे गृहस्थ होते. त्यांनी फळ्यावर सूचना लावली: 'काकूंच्या माजाच्या काळात पंचांनी वारा जाईल त्या अंगाला, फार्मपासून किमान दोन किलोमीटर दूर राहावे.' वारा कळावा म्हणून एका खांबाला जुन्या खोगिराचं फडकं बांधलं. रोज सकाळी फडकं बघून व्यवस्थापक दिशा सांगायचे आणि पंच डबा घेऊन हद्दपार व्हायचे.

नशिबानं त्या दिवसांत वारा सारखा एकीकडूनच वाहिला. वारा जात होता त्या दिशेला दोन किलोमीटरवर बसचा थांबा होता. पंच तिथल्या बाकावर फोन कानाला लावून बसायचे. तिकडे वहिनी एका हातात नवरदेवाचा दोर आणि दुसऱ्या हातात फोन धरून बोलायच्या.

वहिनींच्या त्या नोंदीपासून विसाव्या दिवशी काही नाही. एकविसाव्या दिवशी काकूंनी लाथ मारली नाही. बाविसाव्या दिवशी पंचांचा जीव टांगणीला लागला, कारण ट्रकवाल्यानं व्यवस्थापकांना फोन करून 'या वेळी किती?' असं विचारल्याचं त्यांना कळलं होतं.

"सांग," पंच बाकावरून ओरडले. थांब्यावर आठदहा माणसं बसची वाट बघत होती.

"बाहेर आलीय."

"काकूंचे कान कुठे आहेत?"

"पुढे."

"शेपूट? शेपूट वर केली का?"

बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी पिशवी उचलली आणि ते जरा सरकून बसले.

"बाजूला केलीय. सबंध."

"पाय फाकवलेत का काकूंनी? नीट बघून सांग, घाई नको!"

आजोबा उठूनच गेले. एका बाईनं मुलाचे कान दोन्ही हातांनी झाकले. कुणीतरी "यांच्या काकांना कळवायला पाहिजे," असं पुटपुटलं. पंचांचं लक्षच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे त्यांना काकू लख्ख दिसत होत्या.

"रेललीय फळीला," फोनमधून वहिनींचा आवाज आला. "नवरदेव मानेला चावतोय तरी हलत नाही. अहो, ती बोलतेय हो. काय सुंदर बोलतेय."

वहिनींचा आवाज ओला झाला होता. बावीस वर्षं त्यांनी हजारो घोड्यांच्या मनातलं वाचलं होतं, पण जी एक वाचायची होती ती त्यांच्यासमोर कधी बोलणारच नव्हती, हे त्यांना त्या बाकावर कळलं आणि फार वाईट वाटलं.

मागून व्यवस्थापकांचा आवाज आला. "मालकांची अट आहे. पंचांचं बोट वर गेल्याशिवाय घोडा नाही!"

"बोट वर करा," वहिनी म्हणाल्या.

पंच उभे राहिले आणि भर रस्त्यात त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. समोरून येणारी बस करकचून ब्रेक दाबत थांबली.

"कुठे जायचंय?" कंडक्टरनं विचारलं.

"कुठंच नाही," पंच म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "झालं काम."

त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी काकूंची त्या खानदानी घोड्याशी भेट झाली. डोक्याशी दोर धरून वहिनी उभ्या होत्या. कुणाचीही बरगडी दुखावली नाही. सोळा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं आणि पडद्यावरच्या एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. काकू गाभण होत्या. व्यापाऱ्याचा ट्रक आला, दुसऱ्या दोन घोड्या घेऊन गेला. पंच फाटकाच्या खांबाआड उभे राहून तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होते.

अकरा महिन्यांनी काकू व्यायल्या. नर शिंगरू झालं, कपाळावर तसाच पांढरा पट्टा. पंचांनी त्याला गोणपाटानं पुसलं नाही. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला पालथ्या बादलीवर बसून त्यांनी ते लांबूनच पाहिलं. पायांवर उभं राहायला त्यानं चाळीस मिनिटं घेतली, तेवढा वेळ पंच जागचे हलले नाहीत.

आणि मग सहा महिने झाले.

"पंच, गाजरं आणा," व्यवस्थापक म्हणाले. "शिंगरू तोडायचंय. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

"गाजरं नकोत."

"म्हणजे?"

पंच खणात शिरले. भर सकाळी दहा वाजता, पुढच्या दारानं. काकूंनी कान मागे पाडले. पंच त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले, शिंगराच्या तोंडाला मोहरकी चढवली आणि काकूंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "काकू, मी नेतोय याला. मीच."

काकूंनी मान लांब केली आणि पंचांच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला.

पंच ओरडले नाहीत. खांदा सोडवूनही घेतला नाही. काकूंनी आपण होऊन सोडेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग शिंगराला घेऊन त्यांच्या नजरेसमोरून पुढच्या दारानं बाहेर पडले. काकू ओरडायला लागल्या.

"वेड लागलंय का तुम्हाला?" व्यवस्थापक धावत आले. "आता काकू जन्मात तुमच्यासमोर माजावर येणार नाहीत!"

"नाहीच येणार," पंच म्हणाले. "उद्यापासून वही आणि नवरदेव तुमच्या वहिनींकडे. पण शिंगरं तोडायचं काम माझं. कुणाचा तरी राग करायला लागणारच ना तिला. माझा करू दे."

आपण काकूंना 'तिला' म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. व्यवस्थापकांच्या आलं.

दुपारी पंच घरी आले तेव्हा शर्टाला रक्त लागलं होतं. खिडकीतून काकूंचं ओरडणं ऐकू येत होतं. वहिनींनी त्यांना स्टुलावर बसवलं, शर्ट उतरवला आणि दातांची ती अर्धगोल निळी खूण बघितली.

"समोरून गेलात?" त्यांनी विचारलं.

"समोरून."

वहिनींनी कापूस औषधात बुडवला आणि जखमेवर टेकवला. पंच कळवळले. काकू ओरडतच होत्या.

"त्या मंगळवारी," पंच म्हणाले, "तुला बाजारात पाठवायला नको होतं मी. तू दारात उभी असताना तिला न्यायला हवं होतं. दोघी रडल्या असतात तर रडल्या असतात. तुमचं रडणं मला बघवणार नव्हतं, म्हणून मी तुला फसवलं. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी."

वहिनींचा हात थांबला.

"खूप दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"दुखू दे," वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसत पुसत खांद्यावर हळूहळू फुंकर घालत राहिल्या.